एका चिनी अक्षराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: 'दाओ'

जुनी चिनी वाचणाऱ्याला सगळ्यांत जास्त प्रश्न याच एका अक्षरावरून येतात. विचारणारे तऱ्हेतऱ्हेचे असतात. कुणी लाओत्झचा (हे ताओवादाच्या मूळ ग्रंथाचं आणि त्याच्या लेखकाचंही नाव) अनुवाद वाचून अडलेलं असतं, कुणी कराटेच्या क्लासमधून येतं, कुणी चिनी शिकायला नुकतीच सुरुवात केलेली असते. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, किचकट शेवटी.

१. अक्षर दिसतं कसं? मला वहीत काढून बघायचंय.

कागद-पेन घ्या. आधी उजवीकडचा भाग काढा. वर दोन छोटे तिरपे फटकारे, खाली एकमेकांकडे झुकलेले, बोकडाच्या शिंगांसारखे. त्यांच्याखाली एक आडवी रेघ. तिच्या मध्यातून डावीकडे उतरणारा एक बारीक फटकारा. त्याच्याखाली उभा चौकोन आणि चौकोनाच्या पोटात दोन आडव्या रेघा, शिडीचा तुकडा वाटावा अशा. हे झालं 'डोकं': शिंगं म्हणजे केस, चौकोन म्हणजे डोळ्यासकट चेहरा. इथवर ९ रेघा झाल्या.

आता डावीकडे वर एक टिंब, त्याखाली नागमोडी वळण, आणि शेवटी तळातून उजवीकडे लांब ओढलेला फराटा. डोकं त्या फराट्यावर होडीत बसल्यासारखं बसतं. हा भाग म्हणजे 'चालणे'. त्याच्या ३ रेघा धरून एकूण १२ होतात. तैवानमध्ये 'चालणे' या भागाच्या ४ रेघा मोजतात, म्हणून तिथल्या कोशात हेच अक्षर १३ रेघांखाली सापडतं.

नवशिके हमखास होडी आधी काढतात आणि मग डोक्याला जागा पुरत नाही. डोकं आधी, चाल नंतर. कोशात शोधताना मात्र उलटं: पारंपरिक २१४ मूळ घटकांपैकी १६२ वा, म्हणजे 'चालणे', त्याच्याखाली बघायचं. चीनमध्ये विसाव्या शतकात कितीतरी अक्षरं सोपी करण्यात आली, पण याला कुणी हात लावला नाही.

२. दाओ, ताओ, दो, डो... खरा उच्चार कोणता?

बीजिंगकडच्या आजच्या उच्चाराला सगळ्यांत जवळचा मराठी शब्द म्हणजे 'ताव'. कागदाचा असतो तो. पहिलं व्यंजन आपल्या 'त'च्या जवळचं आहे: घोष नाही, महाप्राण नाही. सूर वरून खाली पडतो, कुणाला दटावताना "नाही!" म्हणतो तसा. रोमन लिपीच्या आजच्या पद्धतीत हा ध्वनी 'डी' अक्षराने दाखवतात, जुन्या पद्धतीत 'टी'ने दाखवत. मराठीत 'दाओ' आणि 'ताओ' अशी दोन रूपं आली ती या दोन स्पेलिंगांमुळे. भाषा एकच आहे.

कँटनच्या बोलीत ते 'दोउ'सारखं ऐकू येतं, कोरियनमध्ये 'दो', व्हिएतनामीत 'दाव'च्या जवळपास. जपानीत 'दो' किंवा 'तो' (दोन्ही दीर्घ), आणि अस्सल देशी शब्द वापरायचा तर 'मिची'. तांग काळाच्या आधी, म्हणजे सातव्या शतकापूर्वी, पहिलं व्यंजन खरोखरच घोष 'द' होतं. जपानने ते तेव्हा उचललं आणि जपून ठेवलं, चीनच्या राजधानीत नंतर ते बदललं. मी इथे 'दाओ' लिहितो, कारण ते आता रुळलं आहे.

३. मूळ अर्थ काय? 'परमतत्त्व' हाच ना?

नाही. रस्ता. मातीचा, गाड्या जाणारा, चिखल होणारा रस्ता.

सर्वांत बोलका पुरावा तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. 'सान घराण्याचं तबक' नावाचं काशाचं मोठं भांडं, पश्चिम झोउ काळाच्या उत्तरार्धातलं, म्हणजे इसवीसनापूर्वी आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासचं. आत साडेतीनशेच्या आसपास अक्षरं आहेत आणि मजकूर आहे जमिनीच्या वाटपाचा. एका राज्याने दुसऱ्याला जमीन दिली, तिची हद्द कुठून कुठे जाते ते कोरून ठेवलं आहे: अमुक दाओवर खूण, तमुक दाओवर खूण. आपल्या खरेदीखतातली चतुःसीमाच. हे अक्षर ज्या जुन्या लेखांत भेटतं त्यांतला हा एक, आणि त्यात गूढ काही नाही.

चीनचं सर्वांत जुनं काव्यसंकलन 'शृ-जिंग'. त्यात एका गाण्यात झोउ राजाचा दाओ धार लावायच्या दगडासारखा गुळगुळीत आणि बाणासारखा सरळ असल्याचं म्हटलंय. दुसऱ्या गाण्यात नदीपलीकडच्या माणसाला शोधणारा म्हणतो की दाओ अवघड आहे आणि लांब आहे. इसवी सन १०० च्या सुमारास शू शेन याने कोश रचला, त्यातली व्याख्या अशी: ज्यावरून चाललं जातं तो दाओ.

रस्त्यांची प्रतवारीसुद्धा होती. दुसऱ्या शतकातला भाष्यकार झेंग श्वान सांगतो की पाऊलवाटेवरून बैल आणि घोडा जाईल, दाओवरून दोन रथ शेजारी-शेजारी जातील, आणि 'लू'वरून तीन. म्हणजे त्याच्या हिशोबाने ताओवाद्यांचं परमतत्त्व हा दुपदरी रस्ता आहे.

४. रस्त्याच्या अक्षरात 'डोकं' कशाला?

याची गोड उत्तरं खूप फिरतात. "डोक्याने विचार करून पायाने चालणे म्हणजे दाओ" हे त्यातलं लाडकं. ऐकायला छान आहे, पण पुरावा नाही.

काशाच्या भांड्यांवर हे अक्षर बहुधा असं येतं: चौरस्त्याचं चित्र, त्याच्या मध्ये डोकं, कधी खाली पाऊल. चौरस्ता आणि पाऊल आकसून पुढे आजची 'होडी' झाली. डोक्याचं काम मात्र बव्हंशी उच्चार सुचवण्याचं असावं. प्राचीन चिनीत 'डोकं' आणि 'रस्ता' हे दोन शब्द कानाला जवळजवळ सारखे होते, दोन्हींच्या सुरुवातीला 'ल'सारखा ध्वनी होता असं आज मानतात. चिनी अक्षरं घडवण्याची ही नेहमीचीच युक्ती: एक तुकडा अर्थाचा, एक आवाजाचा.

जपानी पंडित शिराकावा शिझुका यांचं मत वेगळं होतं. परक्या टोळीच्या माणसाचं तोडलेलं शिर हातात धरून अनोळखी वाटेवरचे दुष्ट आत्मे हटवत जायचे, त्याचं हे चित्र, असं ते सांगत. फार थोड्यांना हे पटलं. मलाही पटत नाही, पण एकदा वाचल्यावर ते शिर डोळ्यांपुढून हलत नाही हेही खरं.

आणखी एक रूप सांगतो. हूबेई प्रांतात ग्वोदियान इथे १९९३ साली एका थडग्यात बांबूच्या पट्ट्या सापडल्या, इसवीसनापूर्वी ३०० च्या आसपासच्या. त्यांवर हे अक्षर काही ठिकाणी डोक्याशिवाय लिहिलेलं आहे: चौरस्ता, आणि मध्ये एक माणूस. डोक्यामागचं तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांनी या माणसाचं काय करायचं ते ठरवावं.

५. मग रस्त्यावरून तत्त्वज्ञानापर्यंत गाडी गेली कशी?

जशी मराठीत गेली. 'पंथ' म्हणजे रस्ता, आणि वारकरी पंथही पंथच. काम 'मार्गी लागतं', पोरगं 'वाटेवर येतं' किंवा 'आडमार्गाला लागतं', आणि 'चालीरीत'मध्ये तर चालणं उघडच बसलंय. मराठी माणसाला दाओ समजायला खरं तर काहीच अडचण नाही. अडचण येते ती आपण त्याचा अर्थ परक्या भाषेतल्या पुस्तकांतून मागवतो म्हणून.

रस्ता, मग एखादी गोष्ट करायची पद्धत, मग योग्य पद्धत, मग सगळं ज्या रीतीने चालतं ती रीत: हा क्रम सरळ आहे, आणि मधली कुठलीही पायरी पुढे गाळली गेली नाही. सुन्-त्झच्या युद्धशास्त्रात पहिल्याच प्रकरणात दाओ दोन अर्थांनी येतो. युद्धाआधी तपासायच्या पाच गोष्टींतली पहिली दाओ, म्हणजे प्रजेचं आणि राजाचं मन एक असणं. थोडं पुढे तोच लेखक म्हणतो, युद्ध हा फसवणुकीचा दाओ आहे. इथे 'परमतत्त्व' घालून बघा काय होतं ते.

लाओत्झनंतरचा ताओवादी विचारवंत च्वांगत्झ याने एका वाक्यात या प्रवासाचं टोक पकडलंय: दाओ चालल्याने तयार होतो. डोंगरात ज्याने पायवाट पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

६. लाओत्झच्या पहिल्या ओळीत हे अक्षर तीनदा येतं म्हणे. तिन्हींचा अर्थ एकच?

ओळ सहाच अक्षरांची आहे आणि त्यांतली तीन दाओ आहेत. अक्षराला अक्षर ठेवलं तर: "दाओ, येईल दाओ, नव्हे नित्य दाओ." मराठीत जरा जबरदस्ती करून: "जो दाओ दाओता येतो, तो कायमचा दाओ नव्हे."

पहिला आणि तिसरा दाओ नाम आहेत, यावर सहसा वाद नाही. भांडण आहे मधल्यावर. बहुतेक जण त्याला 'सांगणे' हे क्रियापद मानतात: सांगता येईल असा मार्ग हा नित्य मार्ग नव्हे. काही जण म्हणतात, नाही, इथेही चालण्याचाच अर्थ आहे: ज्यावरून जाता येईल अशी वाट ही नित्य वाट नव्हे.

मी पहिल्या बाजूचा, आणि कारण भाषेचं आहे. मधले 'येईल' आणि 'दाओ' हे दोन शब्द अगदी अशाच जोडीने 'शृ-जिंग'मधल्या एका गाण्यात येतात. राजवाड्याच्या आतल्या भानगडींविषयीचं गाणं आहे ते. आतल्या गोष्टी दाओता येत नाहीत, दाओता आल्याच तर बोलायला लाज वाटेल अशा आहेत, असं कवी म्हणतो. तिथे 'सांगणे' सोडून दुसरा अर्थ बसतच नाही. तेव्हा त्या काळच्या वाचकाला ही जोडी कानाला ओळखीची होती.

आता 'नित्य'ची गंमत. छापील प्रतींत त्या जागी 'चांग' हा शब्द आहे. हूनान प्रांतात मावांगद्वे इथलं थडगं १९७३ साली उघडलं, तेव्हा रेशमावर लिहिलेल्या लाओत्झच्या दोन प्रती सापडल्या. थडगं बंद झालं होतं इसवीसनापूर्वी १६८ मध्ये. त्या प्रतींत 'चांग'ऐवजी 'हंग' आहे. अर्थ जवळपास तोच. मग बदललं कुणी? हान घराण्याचा सम्राट वन् याचं नाव ल्यू हंग होतं, आणि सम्राटाचं नाव लिहिणं निषिद्ध. नकलकारांनी शब्द बदलला आणि तो कायमचा बदलला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्या नावाच्या वस्तूलाही दुसरा शब्द वापरणाऱ्या आज्या आपल्याकडे होत्याच, हा त्याचा दरबारी अवतार. 'कायमचा' या अर्थाचा शब्दच कायम राहिला नाही, ही थट्टा लाओत्झला आवडली असती.

ही ओळ ग्वोदियानच्या पट्ट्यांत (प्रश्न ४) सापडतच नाही. तिथे लाओत्झचा बराच मजकूर आहे, पण हे पहिलं प्रकरण नाही. म्हणून "लाओत्झची सुरुवातच अशी आहे" हे वाक्य जरा जपून म्हणावं. मावांगद्वेच्या प्रतींतही पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग आधी येतो.

७. दाओ म्हणजे लाओत्झ, आणि कन्फ्यूशियस म्हणजे शिष्टाचार. बरोबर?

नाही. कन्फ्यूशियसच्या संवादांत हा शब्द सतत येतो. "सकाळी दाओ कानावर पडला तर संध्याकाळी मेलो तरी चालेल" हे त्याचंच वाक्य. "माणूस दाओला मोठं करतो, दाओ माणसाला मोठं करत नाही" हेही.

फरक आहे तो रस्ता कुणाचा यात. कन्फ्यूशियसचा दाओ पूर्वजांनी चालून घट्ट केलेला, माणसामाणसांतला रस्ता. म्हणून तो 'राज्यात दाओ असणं' आणि 'नसणं' असं बोलतो. राज्यात दाओ असताना तू गरीब राहिलास तर लाज वाटू दे, राज्यात दाओ नसताना श्रीमंत झालास तर लाज वाटू दे. इथे मला 'घडी' हा शब्द सुचतो, राज्याची घडी नीट बसलेली असणं. लाओत्झ मात्र रस्त्याचं नावच बाजूला ठेवतो. पंचविसाव्या प्रकरणात तो म्हणतो की याचं नाव मला माहीत नाही, हाक मारायला म्हणून मी त्याला दाओ म्हणतो.

८. दाओ मलमूत्रातही असतो असं खरंच कुठे लिहिलंय का? की कुणीतरी पसरवलेली थट्टा आहे?

लिहिलंय, च्वांगत्झच्या बाविसाव्या प्रकरणात, आणि थट्टाही आहेच. दोंगग्वो नावाचा गृहस्थ विचारतो, तुम्ही म्हणता तो दाओ असतो कुठे? च्वांगत्झ म्हणतो, कुठे नसतो? गृहस्थ हट्टाला पेटतो: एक जागा सांगा. मुंगीत. इतक्या खाली? शेतातल्या तणात. आणखी खाली? फुटक्या कौलात आणि विटेत. त्याहून खाली? हगण्या-मुतण्यात. मग दोंगग्वो काही बोलला नाही.

काही अनुवादांत शेवटचं उत्तर 'अमंगल वस्तूंत' असं सोवळ्यात गुंडाळलेलं असतं. मूळ शब्द रोखठोक आहेत. ते तसेच ठेवावेत, नाहीतर तो गृहस्थ गप्प का झाला ते कळत नाही.

९. वाक्यात 'मार्ग' घ्यायचा की 'सांगणे', हे ओळखायचं कसं?

चिनीत विभक्ती नाही, क्रियापदाला प्रत्यय नाही. सगळं जागेवर अवलंबून. माझे ठोकताळे देतो, नियम म्हणून नाही.

'आहे' किंवा 'नाही'नंतर आला तर नाम: दाओ असणं, दाओ नसणं. 'येईल'नंतर आला तर क्रियापद (प्रश्न ६). आधी माणसाचं नाव आणि पुढे बोललेला मुद्दा असेल तर 'सांगणे': मेन्शियस या कन्फ्यूशियसपंथी विचारवंताच्या ग्रंथात "मेन्शियसने स्वभावाचा चांगुलपणा दाओला" असं वाक्य आहे, म्हणजे प्रतिपादला. कन्फ्यूशियसच्या संवादांत शिष्य झ्-गोंग म्हणतो, "गुरुजी स्वतःबद्दलच दाओत आहेत." इथेही बोलणंच.

आणि पुढे 'त्यांना' किंवा 'राज्य' असं कर्म आलं तर थांबा. तो तिसराच अर्थ असू शकतो, तो पुढच्या उत्तरात.

१०. कन्फ्यूशियसच्या एका वाक्यात 'हजार रथांच्या राज्याला दाओणे' आलंय. रस्ता बांधणे?

नेणे, वाट दाखवणे, म्हणून राज्य चालवणे. जुन्या लिखाणात हाच दाओ 'नेणे' या अर्थानेही लिहीत. पुढे गोंधळ टाळायला त्याच्याखाली हाताची खूण जोडून वेगळं अक्षर रूढ केलं. आजच्या चिनीत दिग्दर्शकाला आणि मार्गदर्शकाला तेच अक्षर लागतं. अशा ठिकाणी जुने भाष्यकार 'याला दुसऱ्या अक्षरासारखं वाचा' अशी सूचना देतात, आणि आज तो वेगळ्या, आधी खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात वाचतात.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'हजार रथांच्या राज्याचा मार्ग' असा अर्थ लावून मोकळा झालो होतो. वाक्य पुढे जाईना तेव्हा चूक कळली. जुनी चिनी वाचताना वाक्य अडलं की बहुधा आपण एखाद्या क्रियापदाला नाम समजून बसलेले असतो.

११. दाओ म्हणजे आपला 'धर्म'च ना?

ओढाताण करून बसतो. चिनी बौद्धांनी स्वतः 'धर्म'साठी हा शब्द सहसा घेतला नाही, 'फा' घेतला, म्हणजे नियम, कायदा. दाओ त्यांनी मुख्यतः तीन संस्कृत शब्दांसाठी वापरला. 'मार्ग': अष्टांगिक मार्ग चिनीत 'आठ सम्यक दाओ' आहे, आणि चौथं आर्यसत्य 'दाओ-सत्य'. 'गति': जन्ममरणाच्या सहा गती म्हणजे 'सहा दाओ'. आणि सुरुवातीच्या काळात 'बोधि': बुद्धाला ज्ञान झालं हे 'दाओ मिळाला' असं लिहीत, भिक्षूला 'दाओचा माणूस' म्हणत.

एकाच शब्दात मार्ग आणि बोधि दोन्ही कोंबल्याचे परिणाम काय झाले, ते पुढे.

१२. युआन श्वांगने लाओत्झचं संस्कृत भाषांतर केलं होतं हे खरं का?

खरं, आणि त्या भाषांतराचं एकही पान आज हाती नाही.

शाळेच्या पुस्तकातला हाच युआन श्वांग. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात येऊन गेला, दुसऱ्या पुलकेशीबद्दल आणि इथल्या मानी, उपकार न विसरणाऱ्या आणि सूडही न विसरणाऱ्या लोकांबद्दल लिहून ठेवलं, ६४५ मध्ये चीनला परतला. त्यानंतर कामरूपच्या (आजच्या आसामच्या) राजाची, म्हणजे भास्करवर्म्याची मागणी चिनी वकील ली यीब्याओमार्फत दरबारात पोचली: लाओत्झचा ग्रंथ आम्हाला आमच्या भाषेत हवा. ६४७ मध्ये सम्राट ताइझोंगने काम युआन श्वांगवर सोपवलं आणि मदतीला दाओपंथी विद्वान दिले. त्यांत छाय ह्वांग आणि छंग श्वानयिंग होते.

वाद पहिल्याच शब्दावर पेटला. दाओला संस्कृतात काय म्हणायचं? दाओपंथीयांचं म्हणणं 'बोधि'. त्यांच्या बाजूने परंपरा होती, कारण शतकानुशतकं बौद्ध ग्रंथांत बोधीला दाओच म्हटलं जात होतं. युआन श्वांग म्हणाला, बोधि म्हणजे जागं होणं, त्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे. दाओ म्हणजे रस्ता, आणि संस्कृतात रस्त्याला 'मार्ग' म्हणतात. बोधि लिहिलं तर ती सम्राटाची फसवणूक होईल आणि जगात हसं होईल.

भांडण कोशाचं वाटतं, पण पाणी खोल होतं. 'बोधि' चाललं असतं तर लाओत्झ भारतात बुद्धाच्या तोलाचा ज्ञानी म्हणून उतरला असता. 'मार्ग' म्हटल्यावर तो फक्त एक वाट दाखवणारा उरतो. युआन श्वांगचा डाव मला दिसतो, तरीही शब्द म्हणून मी त्याच्याच बाजूचा. प्रश्न ३ मधलं तबक त्याने पाहिलेलं नसणार, पण ते त्याचीच साक्ष देतं. शेवटी 'मार्ग'च ठरलं. दाओपंथीयांना एका जुन्या प्रस्तावनेचंही भाषांतर हवं होतं, त्याला त्याने साफ नकार दिला.

१३. आमच्या कराटेच्या सरांनी सांगितलं 'दोजो' म्हणजे व्यायामशाळा. त्यात हेच अक्षर आहे का?

आहे, आणि शब्द तुमच्या सरांना वाटतो त्याहून जवळचा आहे. 'दोजो' म्हणजे दाओ अधिक 'जागा', चिनीत 'दाओछांग'. तो घडला संस्कृत 'बोधिमंड' या शब्दासाठी: गयेला पिंपळाखालची ती जागा, जिथे बुद्धाला ज्ञान झालं. इथला दाओ म्हणजे बोधि, युआन श्वांगला नको असलेला (प्रश्न १२). पुढे कुठल्याही धर्मकार्याच्या जागेला ते नाव पडलं. कुमारजीवाने ४०६ मध्ये केलेल्या विमलकीर्तीच्या सूत्राच्या अनुवादात "सरळ मन हेच दाओछांग" असं वाक्य आहे. जपानात मठांतून तो शब्द तलवारबाजीच्या आखाड्यात गेला, आणि तिथून शाळेच्या हॉलमध्ये अंथरलेल्या सतरंजीवर.

१४. ज्यूदो, केन्दो यांतला 'दो' कळला. होक्काइदो बेटात तो काय करतोय?

दोन वेगळे धागे आहेत. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये 'जुजुत्सु'तला 'जुत्सु' (कसब) काढून 'दो' घातला, म्हणजे हाणामारीचं तंत्र नव्हे, आयुष्यभर चालायची वाट. चहा, फुलरचना, सुलेखन यांच्या नावांतही हाच 'दो'.

होक्काइदोचा 'दो' प्रशासनातला आहे. रस्ता ज्या मुलखातून जातो तो मुलूख म्हणजे दाओ. तांग सम्राट ताइझोंगने ६२७ मध्ये साम्राज्याचे १० दाओ केले, ७३३ मध्ये ते १५ झाले. कोरियातल्या प्रांतांना आजही 'दो' म्हणतात, जोसोन राजघराण्याच्या काळात १४१३ पासून ते आठ होते. जपानने उत्तरेच्या बेटाला हे नाव १८६९ मध्ये दिलं. तोकाइदो हा मात्र मुलूखही आणि रस्ताही: एदो (आजचं टोकियो) ते क्योतो, वाटेत ५३ मुक्काम. त्याहून मागे, हान काळात, परक्या जमातींच्या वस्तीच्या तालुक्याला दाओ म्हणत.

एक सावधगिरी. कोरियनमध्ये बेटालाही 'दो'च म्हणतात, पण ते अक्षर निराळं. दोक्दोमधला शेवटचा 'दो' बेटाचा. जेजू-दो म्हटलं की बेट की प्रांत हे संदर्भावरून ठरवावं लागतं, कारण जेजू दोन्ही आहे.

१५. ताओवाद हा धर्म की तत्त्वज्ञान?

चिनीत दोन शब्द आहेत: 'दाओ-ज्या' म्हणजे विचारांचं घराणं, 'दाओ-ज्याओ' म्हणजे देवळं, पुजारी, मंत्र असलेला धर्म. पूर्वी ही भिंत पक्की मानत, आता कुणी फारशी मानत नाही. संघटित धर्माची सुरुवात परंपरेने १४२ साली सिच्वानमध्ये झांग दाओलिंगपासून धरतात. त्याच्या पंथाचं नाव 'पाच माप तांदळाचा दाओ', वर्गणी तेवढी असायची म्हणून. १८४ मध्ये हान साम्राज्य हादरवणारं पिवळ्या पटक्यांचं बंडही एका दाओनेच केलं. इथे दाओचं भाषांतर निःसंकोच 'पंथ' करावं.

जाता जाता: अफूच्या पहिल्या युद्धाच्या वेळी ज्या चिनी सम्राटाचं राज्य होतं, त्याच्या कारकिर्दीचं नाव 'दाओग्वांग', दाओचा प्रकाश. त्याच्या बंदरात उतरणाऱ्या अफूतली माळव्याची अफू मुंबईहून चढत होती.

१६. आजच्या चिनीत हे अक्षर कुठे भेटतं?

पावलोपावली. रेल्वे म्हणजे 'लोखंडी दाओ', चव म्हणजे 'वै-दाओ', अरेरावी म्हणजे 'बा-दाओ' (जुन्या राजनीतीत हा बळाने राज्य करण्याचा मार्ग होता), गुन्हेगारी जग म्हणजे 'काळा दाओ'. 'सांगणे' हा अर्थ आभार मानणे, माफी मागणे अशा जोडशब्दांत तग धरून आहे.

शिवाय तो मोजायलाही लागतो. चिनीत 'एक दरवाजा' म्हणता येत नाही, मध्ये मापाचा शब्द हवा, आणि दरवाजा, उन्हाची तिरीप, परीक्षेतलं गणित, जेवणातला पदार्थ, सरकारी हुकूम यांना तो 'दाओ' लागतो. कुठे रेघेसारखं काही असतं, कुठे एकामागून एक येणारं. हॉटेलात "तीन दाओ भाज्या" मागवताना अध्यात्माचा संबंध नाही.

१७. चिनी शिकताना 'जृ-दाओ' म्हणजे 'माहीत असणे' शिकलो. जुन्या ग्रंथातही तोच अर्थ घ्यायचा ना?

हा सापळा आहे, आणि त्यात चिनी विद्यार्थीही पडतात. 'ली-जी' या रीतिरिवाजांवरच्या प्राचीन ग्रंथातलं प्रसिद्ध वाक्य: "जेड घासला नाही तर त्याचं भांडं होत नाही, माणूस शिकला नाही तर जृ-दाओ नाही." आजच्या कानाला ते "शिकला नाही तर माहीत नाही" असं ऐकू येतं, म्हणजे काहीच न सांगणारं. तिथे दोन सुटे शब्द आहेत: 'जाणणे' आणि 'दाओ'. शिकला नाही तर त्याला दाओ कळत नाही. पुढे दोन्ही शब्द चिकटले आणि दाओचा अर्थ झिजून गेला. आज "मला जृ-दाओ नाही" असं बसथांब्यावर कुणीही म्हणतं, अर्थ एवढाच की ठाऊक नाही.

१८. 'चोर' या शब्दाचा उच्चारही 'दाओ' आहे. काही संबंध?

अक्षर वेगळं, व्युत्पत्ती वेगळी. आजच्या बीजिंगच्या बोलीत उच्चार मात्र तंतोतंत सारखा आहे, आणि प्राचीन काळीही पुरेसा जवळचा असणार, कारण या सारखेपणावर कोटी केलेली दिसते. लाओत्झच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात दरबार चकचकीत आहे, शेतं तणाने भरली आहेत, कोठारं रिकामी आहेत. हे सांगून शेवटी तो म्हणतो: याला चोराचा तोरा म्हणतात, हा दाओ नव्हे. दोन्ही दाओ एका श्वासात येतात. मराठीत ही कोटी मला कधीच जमलेली नाही.

च्वांगत्झच्या दहाव्या प्रकरणात तर दोघांची गाठच घालून दिली आहे. दरोडेखोर जृ याला त्याची माणसं विचारतात, चोरांनाही दाओ असतो का? तो म्हणतो, दाओशिवाय कुठे काही चालतं का? घरात काय दडवलंय हे बाहेरून अचूक ताडणं ही सिद्धी. सगळ्यांच्या आधी आत शिरणं हे शौर्य. सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडणं ही नीती. डाव जमेल की नाही हे ओळखणं ही अक्कल. आणि वाटा सारख्या करणं ही माया. कन्फ्यूशियसच्या सद्गुणांची यादीच आहे ही, हद्द फक्त बदललेली. या दरोडेखोराचं 'जृ' हे नाव ज्या अक्षराने लिहितात, त्याचा अर्थ आहे तळपाय.